लॉ कॉलेजचं इनकमिंग इन्स्पेक्शन

स्थळ : नवी सांगवी. कृष्णा चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानाला चिकटलेला वकीलबाईंचा गाळा.

काळ : प्रवेशाचा. या दिवसांत सांगवीतली माणसं एकमेकांना ‘जेवलात का’ विचारत नाहीत, ‘कितव्या राउंडला लागलं’ विचारतात.

पात्रं : वकीलबाई, नोटरीसुद्धा. मुलगी, बी.कॉम. झालेली. आणि तिचे वडील, क्वालिटीवाले. भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. खिशाला अजून दोन पेनं, त्यातलं एक लाल. घरी भाजी आली तरी आधी नमुना काढून बघतात, असं त्यांच्या सोसायटीत बोललं जातं.

क्वालिटीवाले : मॅडम, गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट करायचंय. हा पाचशेचा स्टँप.

वकीलबाई : कशाला आणलात, काका? शासकीय कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून. साध्या कागदावर होतं.

क्वालिटीवाले : होत असेल हो. पण कागद हातात घेतल्यावर समोरच्याला वजन वाटायला नको?

वकीलबाई : वजनावर प्रवेश देत नाहीत. (मुलीला) बस गं. मधल्या वर्षात काय केलंस?

मुलगी : चाकणला एका कंपनीत बिलिंगला होते. जीएसटीच्या नोटिसा यायच्या, त्यांची उत्तरं मीच लिहायचे. सल्लागार फक्त सही करायचे.

वकीलबाई : म्हणजे वकिली सुरूच झाली की. कॉलेज कुठलं टाकलंस?

क्वालिटीवाले : मी सांगतो. माझ्या साडूनं यादी पाठवलीय. नंबर लावून.

वकीलबाई : ते वकील आहेत?

क्वालिटीवाले : नाही, सिमेंटची एजन्सी आहे. पण त्याला सगळ्यातलं माहीत असतं.

वकीलबाई : यादी कशावरून केली?

क्वालिटीवाले : नावावरून. ज्याचं नाव मोठं ते वर. आता हेच बघा. पुण्यात एका कॉलेजच्या नावानं अख्खा लॉ कॉलेज रोड आहे. कॉलेज १९२४ चं. देशाचे दोन सरन्यायाधीश तिथून निघाले, गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड. अजून काय तपासायचं?

वकीलबाई : गजेंद्रगडकर तिथून एलएल.बी. झाले १९२६ ला. तुमची मुलगी त्यांच्या शेजारी बसणार आहे का?

क्वालिटीवाले : तसं नाही...

वकीलबाई : की त्यांना शिकवणारे येणारेत हिला शिकवायला? कॉलेज वाईट आहे असं मी म्हणतच नाही. चांगलंच आहे. साठे सर तिथं १९७६ ते १९९१ प्राचार्य होते, त्यांचं प्रशासकीय कायद्यावरचं पुस्तक आजही वकिलांच्या टेबलावर असतं. पण हे सगळं जुन्या लॉटचं झालं. या वर्षी, या वर्गात, कॉन्ट्रॅक्ट कोण शिकवतंय, हे साडूंच्या यादीत कुठल्या रकान्यात आहे?

क्वालिटीवाले : तसा रकाना नाही.

वकीलबाई : तुमच्या कंपनीत बोल्ट कुणाकडून यायचे?

क्वालिटीवाले : (ताठ बसत) दोन व्हेंडर होते. एक मोठा, नावाजलेला. एक भोसरीतलाच, पत्र्याच्या शेडमधला.

वकीलबाई : मोठ्याचा माल न बघता घ्यायचात?

क्वालिटीवाले : काय बोलता! माझ्या कारकिर्दीत एकही लॉट न बघता आत गेला नाही. मोठ्याचं चलन किती गुळगुळीत कागदावर असायचं, होलोग्रॅम, बारकोड, सगळं. मी म्हणायचो, कागद बाजूला ठेवा, गो-नो गो गेज आणा. एकदा तर त्याचा अख्खा टेंपो परत पाठवला मी. मॅनेजर म्हणाला, अहो इतकी मोठी कंपनी आहे. मी म्हटलं, बोल्टाला माहीत नाही तो कुठून आलाय.

मुलगी : बाबा.

क्वालिटीवाले : काय?

मुलगी : काही नाही. बोला तुम्ही.

(क्वालिटीवाले थोडे घुटमळतात. अशा वेळी निवृत्त माणूस शासनाचा आधार घेतो.)

क्वालिटीवाले : बरं, साडूचं सोडा. सरकारी रँकिंग आहे ना, एनआयआरएफ. ते तर शिक्षण मंत्रालय काढतं. मी प्रिंट काढून लॅमिनेट केलंय.

वकीलबाई : शंभरातले गुण कसे देतात ते वाचलंत?

क्वालिटीवाले : तीस गुण अध्यापन आणि साधनांचे. बघा, अध्यापन पहिलंच!

वकीलबाई : त्या तिसात काय मोजतात? विद्यार्थी किती, शिक्षक किती, पीएच.डी. किती, अनुभव किती वर्षांचा, पैसा किती खर्च केला. आणखी तीस संशोधनाला, वीस निकालाला आणि पुढच्या वाटचालीला, दहा सर्वसमावेशकतेला. बाई वर्गात उभी राहून काय बोलली आणि पोरांना त्यातलं काय कळलं, हे मोजणारा माणूस कुणी पाठवत नाही. बरीचशी माहिती कॉलेजच भरून देतं.

क्वालिटीवाले : व्हेंडरनं स्वतःचाच इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडायचा?

वकीलबाई : तसंच काहीसं. हे झाले नव्वद. उरलेले दहा गुण कशाचे?

मुलगी : परसेप्शन.

क्वालिटीवाले : म्हणजे?

मुलगी : लोकांना काय वाटतं त्याचे. शिक्षणातल्या लोकांना आणि नोकरी देणाऱ्यांना विचारतात.

क्वालिटीवाले : म्हणजे नाव मोठं म्हणून रँक वर, आणि रँक वर म्हणून नाव मोठं?

वकीलबाई : लॅमिनेशनचे किती घेतले?

क्वालिटीवाले : चाळीस. (जरा वेळानं) पण कॉलेजांना मानांकन देणारे नॅकवाले तरी प्रत्यक्ष येऊन बघतात ना?

वकीलबाई : यायचे की. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या पाहणी पथकातल्याच लोकांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयनं धरलं. सगळे तसे नसतात. पण पाहणी येणार म्हटल्यावर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

क्वालिटीवाले : (हळू) ऑडिटच्या आदल्या रात्री आम्हीसुद्धा शॉपफ्लोअरवर पिवळे पट्टे रंगवायचो. सकाळी ऑडिटरच्या बुटाला रंग लागायचा.

(मराठी मध्यमवर्गाचा संस्थांवरचा विश्वास असा आहे. आपण स्वतः पट्टे रंगवलेले असतात, तरी दुसऱ्याचे पट्टे आपल्याला जन्मजात पिवळे वाटतात.)

क्वालिटीवाले : मग बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल? विधी शाखेचं रँकिंग २०१८ ला सुरू झालं तेव्हापासून पहिला नंबर. तिथले विद्यार्थी बघा, एकेक हिरा. हे तरी शिकवण्यामुळेच ना?

वकीलबाई : तिथं शिकवत नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण तिथं आत कोण जातं? देशभरातून हजारो पोरं क्लॅट देतात, त्यातली वरची वरची उचललेली. आता तुम्ही सांगा. कच्चा माल एक नंबरचा आला, आणि पार्ट चांगला निघाला, तर श्रेय मशीनचं किती?

क्वालिटीवाले : ते तसं सांगताच येत नाही! आधी मटेरियल सारखं ठेवायला लागतं. (थांबून) म्हणजे निकाल बघून मशीन ओळखता येत नाही.

वकीलबाई : पुण्यात उलट बघा. विद्यापीठाला संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीवर नाव विद्यापीठाचं. डोंगराच्या पायथ्याशी शिका नाहीतर चौकातल्या तिसऱ्या मजल्यावर. पुढं सनद देते महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. त्या सनदेवर रँक छापत नाहीत.

क्वालिटीवाले : मग मोठ्या नावाचा उपयोगच नाही?

वकीलबाई : आहे ना. खोटं कशाला बोलू? मुंबईच्या बड्या लॉ फर्म भरतीला ठरावीक दारांतच जातात. तुमची मुलगी तिथं जाणार असेल तर नाव लागतं, बक्कळ लागतं. शिवाय हुशार पोरांच्या संगतीत पोरं एकमेकांना शिकवतात. मास्तर झोपला तरी वर्ग जागा राहतो. ही नावाची कमाई खरी आहे. पण (मुलीला) तुला कुठं जायचंय?

मुलगी : कामगार न्यायालयात. कंत्राटी कामगारांच्या केसेस बघायच्यात. चाकणला जे बघितलं ना...

क्वालिटीवाले : ती आधी जज होणारे.

मुलगी : बाबा, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायच्या आधी तीन वर्षं वकिली करायला पाहिजे.

क्वालिटीवाले : तीन वर्षं? कुठं?

वकीलबाई : कोर्टात. जिथं अशील विचारतो, ‘मॅडम, तारीख कधी?’ कॉलेज कुठलं हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही किती वर्षं येताय माझ्याकडं?

क्वालिटीवाले : फ्लॅट घेतला तेव्हापासून.

वकीलबाई : त्या फ्लॅटच्या जाहिरातीत पत्ता काय होता, आठवतं?

मुलगी : (खुदकन हसते) औंध अ‍ॅनेक्स.

क्वालिटीवाले : तो विषय नको.

वकीलबाई : जाहिरातीत औंध, रजिस्ट्रीत सांगवी. दर कुठला दिलात?

क्वालिटीवाले : औंधचा.

वकीलबाई : आणि २०२४ च्या जुलैत नदीचं पाणी कुठं शिरलं?

क्वालिटीवाले : सांगवीत.

(हा सांगवीचा जुनाच धंदा आहे. औंध उरो रुग्णालयसुद्धा सांगवीत आहे. नावात औंध नसतं तर तिथला खोकला बरा झाला नसता, असं काही बिल्डरांना मनापासून वाटत असावं.)

क्वालिटीवाले : पण मॅडम, बोल्टाला गेज लावता येतो. मास्तरला कुठं लावायचा?

वकीलबाई : वर्गात. जाऊन मागच्या बाकावर बसायचं.

क्वालिटीवाले : मी? या वयात?

वकीलबाई : तीन वर्षांच्या एलएल.बी.ला केस पिकलेलीही बसतात. कुणी विचारणार नाही. आणि नाही विचारलं, तर तेही एक निरीक्षण समजायचं.

क्वालिटीवाले : (लाल पेन काढत) थांबा, चेकलिस्ट करतो. पहिला मुद्दा. मला एक युक्ती सुचलीय. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. खून तीनशे दोन राहिला नाही, भारतीय न्याय संहितेत एकशे तीन झाला. फसवणूक चारशे वीस नाही, तीनशे अठरा. तर जो मास्तर अजून तीनशे दोन म्हणेल तो रिजेक्ट. लाल टॅग!

वकीलबाई : चुकलात.

क्वालिटीवाले : कसं काय?

वकीलबाई : ३० जून २०२४ च्या रात्री खून झाला असेल तर आजही खटला तीनशे दोनखालीच चालणार. असे खटले अजून कित्येक वर्षं कोर्टात राहतील. तीनशे दोन म्हणणारा जुनाट असेल, नाहीतर वर्गातला सगळ्यात जागा माणूस असेल. तो ‘का’ सांगतो का, ते ऐकायचं. नुसता आकडा पाठ केला तर जुना काय आणि नवा काय. नव्या आकड्याची गाईडंही बाजारात आलीत.

क्वालिटीवाले : (पहिला मुद्दा खोडतो) म्हणजे या गेजनं मीच पुढं चांगला माल रिजेक्ट केला असता.

वकीलबाई : दुसरं. शेवटच्या वर्षाच्या पोराला गाठायचं, चहा पाजायचा आणि विचारायचं, माझा चेक बाउन्स झालाय, काय करू?

मुलगी : मी विचारलं एकाला. मोठ्या कॉलेजातल्या. त्यानं मला पराक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा इतिहास सांगितला. कलम १३८ नंतर घातलं, १९८९ पासून लागू झालं, तेही. अगदी छान बोलला.

वकीलबाई : आणि दिवस?

मुलगी : ते नाही सांगितले.

वकीलबाई : बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला मुभा. नाही दिले तर त्यापुढच्या एका महिन्यात फिर्याद. अशिलाला इतिहासाचं काय करायचंय? तीस दिवस उलटले तर १८८१ पासूनचा सगळा इतिहास त्याच्या डोक्यावर आदळतो.

क्वालिटीवाले : मला जिन्याखालच्या पाटलांचा एक चेक...

मुलगी : बाबा, आत्ता नको.

वकीलबाई : तिसरं. ट्युटोरियलच्या उत्तरपत्रिका. परत मिळतात का, आणि समासात काही लिहिलेलं असतं का. नुसता पंधरापैकी चौदा असा आकडा असला तर समजायचं, पानं मोजलीत. ‘हा मुद्दा तुझा आहे की गाईडचा?’ असं एखाद्या बाईंनी लिहिलेलं दिसलं, तर त्या बाईंचं नाव लिहून घ्यायचं, कॉलेजचं नंतर.

क्वालिटीवाले : हजेरीचं काय? साडू म्हणतो लॉ कॉलेजला जायचं नसतं, परीक्षेला गेलं तरी चालतं.

वकीलबाई : बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लिहिलीय. एका तुकडीत साठच्या वर विद्यार्थी नकोत, तेही लिहिलंय. मूट कोर्ट सक्तीचं, तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची. आता मूट कोर्टाच्या खोलीला कुलूप असतं का आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडं असते, ते शिपायाला विचारायचं. प्राचार्यांना नाही.

क्वालिटीवाले : (लिहीत) किल्ली... शिपाई... हे मला पटलं. आमच्याकडंही खरं काय ते स्टोअरकीपरलाच माहीत असायचं.

वकीलबाई : आणि इमारत बघून दिपायचं नाही. टिळक १८७९ ला एलएल.बी. झाले, वकिली केली नाही, पण पुढं पुण्यात कायद्याचा क्लास चालवला. वकिलीच्या परीक्षेला बसणारी पोरं तिथं यायची. ना नॅक, ना वातानुकूलित सेमिनार हॉल.

क्वालिटीवाले : पण टिळकांचं नाव होतं की! म्हणजे नावावरच आले ना?

वकीलबाई : (पहिल्यांदाच अडकतात) ...बरोबर आहे तुमचं. अर्धं. नावावर पहिल्या दिवशी आले असतील. पण फी भरून क्लासला आलेला पोरगा दुसऱ्या महिन्यात नावावर थांबत नाही. क्लास बरीच वर्षं चालला.

क्वालिटीवाले : (खूश होऊन) निदान अर्धा मुद्दा तरी मी जिंकलो. बरं, ती एक परीक्षा असते ना सनदेसाठी, ऑल इंडिया बार एक्झाम. साडू म्हणतो, ती तर कायद्याची पुस्तकं समोर ठेवून देतात. खरंय?

वकीलबाई : कायद्यांचे मूळ मजकूर नेता येतात, टिपा नसलेले.

क्वालिटीवाले : मग नापास कसे होतात?

वकीलबाई : काहीजण ते पुस्तक तिथं पहिल्यांदाच उघडतात.

(साडूचा फोन येतो. क्वालिटीवाले स्पीकर चालू करत नाहीत, पण साडूला स्पीकर लागत नाही. ‘पहिल्या नंबरला मोठंच टाक! लोक काय म्हणतील!’ एवढं झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जातं. तो मान डोलावतो. त्याच्याकडं सगळ्या कॉलेजांच्या नोट्स आहेत, त्यामुळं त्याच्या दृष्टीनं सगळी कॉलेजं समान आहेत.)

क्वालिटीवाले : चला, उद्यापासून मी फिरतो. दोन-तीन कॉलेजात नमुना काढतो. तोवर ऑप्शन फॉर्म लॉक करायचा नाही.

मुलगी : केला मी.

क्वालिटीवाले : काय केला?

मुलगी : लॉक. काल रात्री. मुदत संपत होती.

क्वालिटीवाले : न बघता?

मुलगी : बघून. नोकरी सोडल्यावर मी दोन कॉलेजांत जाऊन बसले होते. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही यादी लॅमिनेट करत होतात. पहिलं साडूकाकांच्या यादीतलं, वरचं. आख्खा तास बसले. सर पुस्तकातलं वाचून दाखवत होते, छान आवाजात. शेवटी हजेरी झाली, एका मुलानं चौघांची दिली. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. जाताना सर मला ‘गुड’ म्हणाले.

वकीलबाई : आणि दुसरं?

मुलगी : दुसरं यादीत कुठंच नाही. इमारत जुनी, लिफ्ट बंद. बाई कॉन्ट्रॅक्ट शिकवत होत्या. दारात उभं राहून, पीएमपीच्या तिकिटाचा करार कुणात होतो आणि कधी होतो, हे विचारत होत्या. एकेकाला उभं करून. पोरं भांडत होती एकमेकांशी. मग माझ्याकडं बोट केलं, तू सांग. मी म्हटलं, कंडक्टरनं पैसे घेतले तेव्हा. त्या म्हणाल्या, मग पैसे घ्यायच्या आधी अपघात झाला तर? मी गप्प. मग म्हणाल्या, तू या वर्गातली नाहीस, कोण तू?

क्वालिटीवाले : मग?

मुलगी : बाहेर काढलं.

क्वालिटीवाले : हाकललं? माझ्या मुलीला?

मुलगी : हो. म्हणाल्या, प्रवेश घे आणि उत्तर घेऊन ये.

क्वालिटीवाले : आणि तू पहिल्या नंबरला काय टाकलंस?

मुलगी : तेच.

क्वालिटीवाले : हाकललेलं?

मुलगी : बाबा, साठ जणांत एक चेहरा नवा आहे, हे त्यांना वीस मिनिटांत कळलं.

(क्वालिटीवाले लाल पेनाचं टोपण लावतात. काढतात. पुन्हा लावतात. चेकलिस्टमध्ये या गोष्टीला मुद्दा नाही.)

क्वालिटीवाले : लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत बंद आहे?

मुलगी : तिसऱ्या.

क्वालिटीवाले : हां, मग चालेल. (वकीलबाईंना) अपघात आधी झाला तर काय हो होतं, मॅडम? करार झाला की नाही?

वकीलबाई : त्याचे वेगळे पैसे पडतील. अ‍ॅफिडेव्हिट तयार आहे, इथं सही करा. गडबड करू नका, इथं मुलीची, तुमची नाही.

क्वालिटीवाले : आणि साडूला काय सांगू? तो विचारणार, कॉलेज कुठंय?

वकीलबाई : सांगा, औंध अ‍ॅनेक्स.